देशोदेशींचीं देवालयें : विटेनबर्गचें नगरमंदिर

मार्टिन ल्यूथरचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें एक दार उभें राहतें. 1517 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या 31 तारखेस जर्मनींतील विटेनबर्ग या गांवीं ल्यूथरनें आपलीं पंचाण्णव विधानें चर्चच्या दारावर ठोकलीं, ही कथा शालेय इतिहासाच्या पुस्तकांतून बहुतेकांनीं वाचलेली असते. तें दार राजवाड्याच्या चर्चचें. ल्यूथरचें दफनही तेथेंच झालेलें आहे. त्यामुळें विटेनबर्गास जाणारा प्रवासी प्रथम तिकडेच वळतो. परंतु ल्यूथर ज्या वास्तूंत वर्षानुवर्षें उपदेश करीत असे, ज्या वास्तूंत त्याच्या मुलांना बाप्तिस्मा मिळाला, आणि नव्या पंथाची उपासना प्रत्यक्ष कशी चालावी हें जेथें हळूहळू ठरत गेलें, ती वास्तू निराळी आहे. ती बाजारचौकालगत, घरांच्या एका ओळीमागें उभी आहे. तिला तेथील लोक नगराचें चर्च असें म्हणतात. पहिलें चर्च राजाचें, हें गांवकऱ्यांचें. या महिन्यांत त्या नगरमंदिराची ओळख वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

केवळ कमानी मोजाव्या व मनोरे वर्णावे एवढाच या लेखाचा हेतु नाहीं. पूर्वजांनीं बांधून ठेवलेलें घर जेव्हां निराळ्या विचारांच्या वंशजांच्या हातीं येतें, तेव्हां त्यांतील काय ठेवावें, काय टाकावें, आणि जें टाकवतही नाहीं व मिरववतही नाहीं त्याची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न सर्वत्रच उत्पन्न होतो. विटेनबर्गच्या या एका वास्तूस तो तीन वेळां पडला. पहिल्या दोन वेळचीं उत्तरें इतिहासांत जमा झालीं आहेत. तिसऱ्या वेळचा वाद आपल्याच काळांतला आहे.

विटेनबर्ग हें एल्ब नदीच्या कांठचें लहानसें शहर. या चर्चचा पहिला लेखी उल्लेख 1187 सालचा आहे. आज जी इमारत दिसते तिचा पूर्वेकडील भाग, म्हणजे जेथें वेदी असते तो गाभारा, तेराव्या शतकांतला. आणि पश्चिमेकडील विस्तीर्ण सभामंडप 1412 ते 1439 या काळांत उभारलेला. जुना गाभारा राखून त्यास नवा मंडप जोडावयाचा, ही रीति आपल्याकडील देवळांतही परिचयाची आहे. चर्च येशूची माता मेरी हिच्या नांवें अर्पण केलेलें असून त्याच्या पश्चिम अंगास दोन मनोरे आहेत. ते वरच्या बाजूस एका पुलानें एकमेकांशीं जोडलेले असल्यामुळें दुरून पाहणाऱ्यास ही जोडगोळी तत्काळ ओळखूं येते.

या मंडपाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. युरोपांतील बहुतेक मोठ्या चर्चांत खांबांच्या दोन ओळींनीं मंडपाचे तीन भाग पडतात, व त्यांतील मधला भाग बाजूच्या दोहोंपेक्षां पुष्कळच उंच असतो. उजेड त्या उंच भागाच्या वरच्या खिडक्यांतून खालीं उतरतो, आणि येणाऱ्याची दृष्टि आपोआप वर व पुढें, वेदीकडे ओढली जाते. विटेनबर्गच्या मंडपांत तिन्ही भागांचें छत सारख्याच उंचीवर पेललेलें आहे. उजेड दोहों बाजूंच्या उंच खिडक्यांतून सर्वत्र पसरतो, आणि मधें खांब असूनही सगळी जागा एकच विशाल दिवाणखाना असावा तशी वाटते. ही पद्धति जर्मन प्रदेशांत लोकप्रिय होती. प्रॉटेस्टंटांनीं ती शोधून काढली असें मात्र कोणी समजूं नये. मंडप पुरा झाला तेव्हां ल्यूथरच्या जन्मास अद्याप चव्वेचाळीस वर्षें अवकाश होता. तथापि वक्त्याचें बोलणें सर्वांस सारखें ऐकूं यावें व वक्ता सर्वांस दिसावा अशा कामाला ही जागा उत्तम होती, आणि तिला तसा वक्ता पुढें मिळाला.

त्या वेळच्या उपासनेचें केंद्र वेदी हें होतें. पुरोहित वेदीपाशीं लॅटिन भाषेंत विधि करी. जमलेले लोक तो पाहत. प्रभुभोजनाच्या विधींत भाकर लोकांस मिळे, पण द्राक्षरसाचा पेला पुरोहितापुरताच राही. ल्यूथर हा ऑगस्टीनच्या संप्रदायाचा संन्यासी असून 1502 सालीं स्थापन झालेल्या विटेनबर्ग विद्यापीठांत बायबलचा अध्यापक होता. 1514 च्या सुमारास तो या नगराच्या चर्चमध्यें उपदेश करूं लागला. तेव्हांपासून उपासनेचें केंद्र वेदीकडून व्यासपीठाकडे सरकूं लागलें. भिंती त्याच, खांब तेच, छतही तेंच. परंतु पाहण्याची जागा ऐकण्याची जागा होऊं लागली.

याच संधिकालांत वास्तूची पहिली परीक्षा झाली. 1521 च्या मे महिन्यापासून ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यांत अज्ञातवासांत होता. बादशहानें त्यास राज्यांत आश्रय मिळूं नये असें फर्मान काढलें होतें. दाढी वाढवून, सरदाराचा वेष घेऊन, ‘युंकर यॉर्ग’ या नांवानें तो तेथें राहिला, आणि त्याच मुक्कामांत त्यानें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. इकडे विटेनबर्गांत त्याचाच सहकारी अध्यापक कार्लश्टाट यानें सुधारणेस एकाएकीं भलताच वेग दिला. देवालयांत चित्रें व मूर्ति असणें म्हणजे ईश्वरी आज्ञेचा भंग होय, असें त्याचें प्रतिपादन. 1522 च्या आरंभीं नगरसभेनें चर्चांतील चित्रें काढून टाकण्याचा ठराव केला, आणि या मंदिरांतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या मूर्ति व चित्रें लोकांनीं उतरविलीं व मोडलीं.

हें वर्तमान समजतांच ल्यूथर जिवाची पर्वा न करितां परत आला, आणि 1522 च्या मार्च महिन्याच्या 9 तारखेपासून 16 तारखेपर्यंत लागोपाठ आठ दिवस याच मंदिरांत त्यानें प्रवचनें केलीं. मूर्तिपूजेस त्याचाही विरोध होता; म्हणून त्याचें सांगणें विशेष लक्ष देण्याजोगें आहे. मूर्ति असणें वा नसणें ही गौण गोष्ट होय, असें तो म्हणाला. ज्या ज्या वस्तूचा कोणी ना कोणी दुरुपयोग करितो ती ती वस्तु नष्ट करावयाची ठरविली, तर जगांत उरणार काय? मनांतली मूर्ति गेली म्हणजे भिंतीवरची निरुपद्रवी होते. आणि भिंतीवरची बळानें उपटली तरी मनांतली जात नाहीं. आपल्याहून मागें राहिलेले जे बंधु, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचें श्रद्धास्थान फोडणें हा धर्म नव्हे. शब्दानें समजवावें, वाट पाहावी, आणि दुबळ्यास सोबत घेऊन चालावें.

आठ दिवसांत गांव शांत झालें. बंद पाडलेले कित्येक जुने विधि कांहीं काळ पुन्हा सुरू झाले, आणि तेच बदल पुढील दोनचार वर्षांत सावकाश, लोकांची समजूत घालून, घडवून आणण्यांत आले. 1525 च्या ऑक्टोबरांत या मंदिरांत उपासना जर्मन भाषेंत झाली, आणि दुसऱ्या वर्षीं तिचा विधि छापून प्रसिद्ध झाला. पेला सर्वांच्या हातीं आला. पूर्वीं जे विधि पाहत असत ते आतां स्वभाषेंत भजनें गाऊं लागले; त्यांच्या बहुस्वरी चालींचा एक संग्रह 1524 सालींच विटेनबर्ग येथें निघाला होता. 1535 पासून नव्या पंथाच्या धर्मोपदेशकांस दीक्षा देण्याचा प्रघातही येथें पडला.

या सर्व घडामोडींत ज्याचें नांव मागें पडतें तो पुरुष म्हणजे योहान बूगनहागेन. 1523 सालीं नगरानें त्यास या चर्चचा मुख्य धर्मोपदेशक निवडलें, आणि 1558 सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, तें पद त्यानें सांभाळलें. 1525 सालीं ल्यूथरचें लग्न त्यानेंच लावलें. हांबुर्ग, ल्यूबेक इत्यादि शहरांतील चर्चांची व शाळांची व्यवस्था त्यानें लावून दिली. 1537 सालीं डेन्मार्कच्या राजास राज्याभिषेक केला तोही त्यानेंच. ल्यूथरनें वादळ उठविलें. त्यानंतर घर नीट लावून देण्याचें कंटाळवाणें पण अवश्य काम बूगनहागेननें केलें. त्याची समाधि याच मंदिरांत आहे.

दुसरी परीक्षा 1547 सालची. ल्यूथर मरून एक वर्ष झालें होतें. बादशहा पांचवा चार्लस प्रॉटेस्टंट राजांवर चालून आला होता. मनोऱ्यांवर त्या वेळीं दगडी शिखरें होतीं. नगराच्या संरक्षणार्थ उंचावर तोफा चढविणें प्राप्त झालें. म्हणून शिखरें उतरवून तेथें तोफांसाठीं सपाट जागा केली. तोफांनीं शहर वांचलें नाहीं. 24 एप्रिल रोजीं म्यूलबेर्गच्या लढाईंत सॅक्सनीचा अधिपति पकडला गेला, आणि मे महिन्यांत विटेनबर्ग शरण गेलें. पुढें 1556 ते 1558 या वर्षांत मनोऱ्यांवर पुन्हा बांधकाम झालें, पण जुनीं शिखरें जशींच्या तशीं परत आणण्याचा हट्ट कोणी धरला नाहीं. आपल्या काळाच्या पद्धतीचे अष्टकोनी मजले चढवून त्यांत पहारेकऱ्याच्या बिऱ्हाडाचीही सोय केली. खालीं चौकोनी, वर अष्टकोनी अशी जी आकृति आज शहराची खूण झाली आहे, ती अशी एका पराभवांतून उत्पन्न झालेली आहे. मंडपाच्या अंतर्भागासही असाच कालांतरानें नवा वेष मिळाला. 1811 सालीं कार्लो इग्नात्सियो पोत्सी यानें गॉथिक धर्तीवर त्याची नवी सजावट केली.

ज्या वर्षीं शिखरें उतरलीं त्याच वर्षीं मंदिराचें सर्वांत मोठें लेणें आंत बसलें. लूकास क्रानाख हा सॅक्सनीच्या दरबारचा चित्रकार. त्यानें व त्याच नांवाच्या त्याच्या मुलानें चितारलेला चित्रफलक 1547 सालीं वेदीवर उभा राहिला. पंचवीस वर्षांपूर्वीं जेथें चित्रें फोडलीं तेथेंच हीं चित्रें लागलीं, हें ध्यानांत घ्यावें. मधल्या चित्रांत येशूचें शेवटचें भोजन आहे; पण पंगत वाटोळ्या मेजाभोंवतीं बसली आहे, आणि शिष्यांत दाढीवाला युंकर यॉर्ग, म्हणजे अज्ञातवासांतला ल्यूथर, बसलेला असून त्याच्यापाशीं पेला आहे. डावीकडे मेलांक्थॉन बाळास बाप्तिस्मा देत आहे. हा ल्यूथरचा विद्वान मित्र ग्रीक भाषेचा अध्यापक होता. धर्मोपदेशकाची दीक्षा त्यानें कधींच घेतली नव्हती. तरीही चित्रकारानें त्यास हें काम दिलें, यांत नव्या पंथाचें एक तत्त्वच आलें आहे. उजवीकडे बूगनहागेन हातीं दोन किल्ल्या घेऊन बसला आहे. गुडघे टेकलेल्या पश्चात्तप्तास तो क्षमा देतो, आणि ताठ्यानें आलेला दुसरा बांधल्या हातांनीं परत जातो.

या तिहींच्या खालीं एक लांबट पट्टी आहे. आमच्या मतें ती वरच्या तिन्ही चित्रांहून मोलाची. एका टोकास ल्यूथर व्यासपीठावर उभा आहे. एक हात ग्रंथावर, दुसरा समोर दाखविणारा. दुसऱ्या टोकास गांवची मंडळी. त्यांत ल्यूथरची पत्नी व मूलही दाखविलें आहे असें मानतात. मधें क्रूसावरचा येशू, आणि भोंवतीं नुसती उघडी भिंत. प्रॉटेस्टंट उपासनामंदिर म्हणजे काय, हें कोणी विचारल्यास या पट्टीकडे बोट दाखवावें. फलकाच्या मागील बाजूसही चित्रें आहेत. त्यांतील खालच्या भागावर एके काळच्या विद्यार्थ्यांनीं आपलीं नांवें व खुणा ओरखडून ठेवल्या आहेत. शाळेचीं बांके ज्यानें पाहिलीं आहेत त्यास यांत नवल वाटणार नाहीं. विद्या कोणत्याही देशांतली असो, विद्यार्थी एकाच जातीचे.

चित्रें फुटलीं तरी एक जुनी वस्तु या मंदिरांत टिकली, ती म्हणजे बाप्तिस्म्याचें कांशाचें पात्र. न्यूरेंबर्गच्या हेर्मान फिशर यानें 1457 सालीं तें ओतलें. त्यावर येशूच्या शिष्यांच्या मूर्ति आहेत. जुन्या पंथाच्या काळीं घडलेल्या याच पात्रांतील पाण्यानें ल्यूथरच्या मुलांस बाप्तिस्मा मिळाला. पंथ बदलला म्हणून पाणी ठेवण्याचें भांडें अपवित्र झालें असें कोणास वाटलें नाहीं.

तथापि या मंदिरांत सर्वच कांहीं असें समंजस नाहीं. बूगनहागेनच्या मागून आलेला धर्मोपदेशक पाउल एबर याच्या स्मरणार्थ धाकट्या क्रानाखनें 1569 सालीं काढलेलें एक चित्र येथें आहे. त्यांत देवाचा द्राक्षमळा दाखविला आहे. एका अर्ध्या भागांत पोपचे लोक मळ्याची नासधूस करीत आहेत. दुसऱ्यांत सुधारक मशागत करीत आहेत, ल्यूथर दंताळें ओढतो आहे, मेलांक्थॉन विहिरीचें पाणी काढतो आहे. स्वपक्षाचा अभिमान व परपक्षाचा उपहास एकाच चौकटींत बसले आहेत. एवढ्यावर हंसून पुढें जातां येतें. परंतु बाहेर, आग्नेय कोपऱ्याच्या भिंतीवर उंच, जें आहे तें पाहून हंसूं येत नाहीं.

तें एक वाळूच्या दगडांत कोरलेलें उठावाचें शिल्प आहे. काळ सुमारें 1290. एक डुकरीण, तिच्या आंचळांस लागलेले ज्यू लोक, आणि तिची शेंपटी उचलून पाहणारा त्यांचा धर्मगुरु. डुक्कर हा ज्यूंच्या धर्मांत निषिद्ध पशु. तेव्हां हें शिल्प कशासाठीं आहे तें सांगण्याची गरज नाहीं. ज्यांना या शहरांत नकोसें केलें होतें त्यांचा अपमान देवाच्या भिंतीवर कायमचा लिहून ठेवला गेला. ल्यूथरनें 1543 सालीं ज्यूंच्या विरुद्ध अत्यंत कडवट लेखन केलें, त्यांत या शिल्पाचें वर्णन चवीनें केलें आहे. आणि ज्यू लोक ईश्वराच्या ज्या नामाचा उच्चारही करीत नाहींत त्याची थट्टा करणारीं त्याचींच अक्षरें पुढें शिल्पावर कोरण्यांत आलीं. 1522 सालीं संतांचीं मुखें ज्या हातोड्यांनीं फोडलीं, ते हातोडे या दगडाकडे वळले नाहींत. आणि ज्या ल्यूथरनें दुबळ्या बंधूची कींव करण्यास शिकविलें, त्यास ज्यू हा बंधु म्हणून दिसला नाहीं. त्याच्या थोरवीबरोबर ही गोष्टही सांगितलीच पाहिजे.

विसाव्या शतकांत या कडवटपणाचीं फळें जर्मनींत काय आलीं, तें सर्वविदित आहे. 1938 च्या नोव्हेंबरांत ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. त्यास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, 1988 सालीं, येथील मंडळींनीं शिल्पाच्या बरोबर खालीं जमिनींत एक कांशाचा पट बसविला. त्याचे चार भाग खालून कांहीं वर येऊं पाहत असावें तसे सांध्यांशीं फुगले आहेत. आणि त्यावर मारल्या गेलेल्या साठ लक्ष ज्यूंचा उल्लेख आहे. पुढें एका ज्यू गृहस्थानें शिल्प काढून टाकावें म्हणून दावा लावला. 2022 च्या जून महिन्यांत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें तो फेटाळला. शिल्प अपमानकारक आहे हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु पट व माहितीफलक यांमुळें लज्जेच्या खुणेचें रूपांतर इशाऱ्याच्या खुणेंत झालें आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर मंदिराच्याच मंडळींनीं नेमलेल्या तज्ज्ञांनीं शिल्प उतरवून जवळच ठेवावें असा सल्ला दिला. आणि मंडळींच्या कार्यकारी सभेनें त्याच वर्षीं तें जागच्या जागीं ठेवण्याचें ठरविलें.

दोन्ही पक्षांचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. शिल्प काढलें तर भिंत स्वच्छ दिसेल, आणि आमच्या पूर्वजांनीं असें कांहीं केलेंच नव्हतें असें नातवंडांस वाटूं लागेल, ही एका पक्षाची भीति. ती खोटी नाहीं. परंतु खालीं पट बसविल्यानें वरचा अपमान पुसला जातो कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार अपमान करणाऱ्यांच्या वंशजांस कितपत आहे? ज्याच्या अंगावर घाव पडला त्यालाच तो भरला कीं नाहीं तें कळतें. प्रस्तुत लेखकास वाटतें कीं, या मंदिरानें आपल्याच व्यासपीठावरून 1522 सालीं ऐकलेला नियम येथें लावावा. हातोडा नको, फोडणें नको. पण दुबळ्या बंधूच्या डोळ्यांदेखत त्यास दुखविणारी वस्तु देवाच्या भिंतीवर राहूं नये. ती जपून उतरवावी, शेजारींच छपराखालीं ठेवावी, आणि तिची खरी हकीकत प्रत्येक येणाऱ्यास सांगावी. भिंतीवर रिकामी जागा राहिली तर तीही बोलेल.

1996 सालीं या वास्तूची गणना जगाच्या वारशांत झाली. वारसा या शब्दानें आपण कांशाचें पात्र व क्रानाखचीं चित्रें तेवढीं मनांत आणतों. पण वारशांत कर्जही येतें. जुन्या घराण्यांत वाडा, पोथ्या व देव्हारा यांबरोबर कांहीं म्हणी, कांहीं टोपणनांवें, परजातीस हिणविणारे कांहीं विनोद हेही वडिलोपार्जित म्हणून चालत येतात. आणि ते मुलांच्या कानीं रोज पडतात. आपल्या भिंतीवर असें काय कोरलेलें आहे, हें प्रत्येक घरानें एकदां अंगणांत उभें राहून, मान वर करून पाहावें. देवघरांतील पात्र पुढच्या पिढीच्या हातीं द्यावें. दुसरें जें असेल तें लपवूं नये, मिरवूं नये. मुलांस त्याचा अर्थ सांगून भिंतीवरून खालीं घ्यावें.